चिंध्यांचं कुंपण

मैना घोडीनं भोवती ताणलेला दोर छातीनं रेटला, खुंटा उपटला आणि ती सरळ हमरस्त्याकडे चालू लागली. तिच्यामागून दोन्ही घोडे. कवडू धावत सुटला. अगदी डांबराच्या काठावर त्यानं तिच्या मानेला मिठी मारली. तेवढ्यात एक ट्रक भोंगा वाजवत त्याच्या पाठीला घासल्यासारखा निघून गेला.

तिन्ही जनावरं त्यानं परत शेतात आणली. कालच्या मुक्कामातही ती अशीच निघाली होती, आंजीकडं, घराकडं. पण तो गावातला रस्ता होता. ही जामची चौफुली. इथं ट्रक थांबत नाहीत. आणि दिवस मावळायला आला होता.

शेताचा मालक नत्थूजी बांधावर तंबाखू मळत उभा होता.

"काऊन गा, बांधून काऊन नाई टाकत तिले?"

कवडूनं मैनेचा मागचा पाय दाखवला. दोरानं कापून आतलं लाल मांस दिसत होतं. माश्या बसल्या होत्या.

"बांधली का असा पाय कापून घेते. शिंगरू होती तवापासून मोकळी वाढली."

"काटेतार देऊ काय? गोठ्यात पडली हाय."

"तारेत घुसली तं छाती फाडून घेईन. समुद्रपूरले वरात हाय. नवरदेव फाटक्या घोडीवर बसवू?"

"मंग बाभळीच्या काट्या तोड अन् लाव भोवताल."

"खुरात काटा गेला तं लंगडी होते."

"तं मंग राजा, मखमलीचं कुंपण घाल!" नत्थूजी हसला. "आजवर कशात ठेवत होता?"

कवडू मैनेच्या पायावरच्या माश्या हाकलू लागला. त्याची लेक नलू चुलीला दगड मांडत होती, ती म्हणाली, "माय आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या दोराले बांधे. तेवढ्यानंच हे आत राह्यत. मायच्या चिंध्या कधी ओलांडल्या नाई यांनी."

"मंग बांधा ना चिंध्या."

"माय गेली," नलू म्हणाली.

नत्थूजीचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

कवडूच्या बायकोच्या, जयवंताच्या, तेरवीला तिची बहीण मनकर्णाबाई आली होती. गेलेल्या माणसाचं घरात काही ठेवू नये म्हणून तिनं एकेक कपडा गोळा केला. चिंध्यांचं गाठोडं खुंटीला होतं. ते कवडूनंच काढून तिच्या हातात दिलं. कशाचं गाठोडं आहे ते त्या दिवशी त्याच्या ध्यानातही आलं नाही. सगळं धाम नदीत गेलं. घोडे मात्र उरले, आणि त्यांची लग्नसराई.

कवडूनं अंगावरचं धोतर अर्धं फाडलं. पट्ट्या दोराला बांधल्या. मैना आली, क्षणभर थांबली, आणि पट्ट्यांसकट दोर पायाखाली घालून गेली. नत्थूजी आणि कवडूनं तिला अडवून आणलं. नलूनं आपलं एक पातळ आणून फाडलं. मैना त्यातूनही गेली. या वेळी ती पुन्हा रस्त्याच्या कडेलाच सापडली.

कवडू तिच्या गळ्यात हात घालून खाली बसल्यासारखा लोंबकळला.

"आता काई नाई करत मी," तो म्हणाला. "अशीच धरून बसतो. सुटली तं मी बी तिच्यासंगं जातो. जे होईन थे दोघांचं होईन."

नलूनं बापाकडं पाहिलं. मग ती गेली, अंथरुणाची वळकटी सोडली आणि वाकळीच्या आतून एक हिरवं लुगडं काढलं. चुरगळलेलं, पदराला हळदीचे डाग.

"हे कुठून आणलं?" कवडूचा आवाज बदलला.

"मी ठेवलं होतं. धुतलं नाई. वास हाय त्याले मायचा."

"ठेवत नसते पोरी," नत्थूजी हळूच म्हणाला. "माणसाचा जीव अडकते त्यात."

"तुले समजत नाई?" कवडू ओरडला. "तिचा जीव वाकळीत घालून निजत होती तू?"

त्यानं हात उगारला. नलू जागची हलली नाही. हमरस्त्यावरून ट्रक गेला, मैनेनं हिसका दिला आणि उगारलेला हात घोडीला आवरायला पुन्हा तिच्या मानेवर आला.

"नत्थूजी, धरा हिले."

त्यानं लुगडं हातात घेतलं. काठ दातांत धरला. कापड जुनं होतं, तरी लवकर फाटेना. फाटलं तेव्हा फार मोठा आवाज झाला. एक पट्टी, दुसरी, तिसरी. नलू खुंटे ठोकत होती, तो बांधत होता.

नत्थूजीनं घोडी सोडली.

मैना सवयीनं दोराकडे निघाली. छाती लावणार, तोच थबकली. एक हिरवी चिंधी वाऱ्यानं तिच्या तोंडाशी आली. तिनं नाकपुड्या फुलवल्या, चिंधीत तोंड घातलं आणि तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं ती हलकेच फुरफुरली. मागं दोन्ही घोड्यांनी माना खाली घातल्या आणि वाळलं गवत हुंगू लागले.

नत्थूजीनं चिंध्यांकडं पाहून हात जोडले आणि तो घराच्या वाटेला लागला.

नलूनं चूल पेटवली.

"बाबा," ती म्हणाली, "सकाळी सोडून घेऊ सगळ्या. पुढं वणा नदी लागते. पाण्यात सोडून देऊ. मायले असं अडकवून ठेवाले नको."

कवडू उठला. तो पहिल्या खुंट्यापाशी गेला आणि तिथून एकेका चिंधीची गाठ ओढून पाहत, तिच्यावर दुसरी, सहज न सुटणारी गाठ मारत पुढं सरकू लागला.