भाजीच्या कप्प्यातली झोप

सहा अंश. हे लतिकाने सकाळी मोजलं, स्वयंपाकघरात.

एकतीस अंश. हे आत्ता, गच्चीवर.

मधे काय झालं ते सांगायला तिच्या सासूबाई, सुमित्राबाई, समोरच होत्या. उन्हात सतरंजी टाकून मटार सोलत होत्या.

"आई, डबा फ्रिजमधून का काढलात? चिठ्ठी होती ना त्यावर?"

"वाचली की. डू नॉट ओपन. मी कुठे उघडला? नुसता वर आणला. गार दगड झाला होता बिचारा, मेथीच्या शेजारी. म्हटलं, जरा ऊन लागू दे."

जाळीच्या झाकणाखाली मुठीएवढा काटेरी प्राणी नाक वर करून मटारचा वास घेत होता. दिल्लीवाले त्याला झाऊ चूहा म्हणतात. हिवाळाभर झोपतो. लॅबमधली थंड खोली काल बंद पडली, मेकॅनिक सोमवारी येणार होता, म्हणून लतिकाने त्याला आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये, नव्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं.

झोपेत याच्या मेंदूतल्या पेशींचे धागे आखडतात. जाग आली की काही तासांत पुन्हा एकमेकांना भिडतात. कुठल्या रसायनामुळे, ते लतिका शोधत होती. झोपलेले तीन मेंदू हवे होते.

दोन झाले होते.

"परत ठेव की फ्रिजमध्ये."

"आता नाही झोपायचा. फेब्रुवारी संपत आला. पुढच्या हिवाळ्यात दुसरा बघायचा."

"आणि तुझी पीएचडी?"

"तीही पुढच्या हिवाळ्यात."

सुमित्राबाईंचा हात शेंगेवरच थांबला. "एक वर्ष गेलं की गं तुझं, माझ्यामुळे." मग, "पण मेंदू तपासायचा म्हणजे काय करता? फोटो काढता?"

"फोटो नाही. मेंदूच काढून घेतो."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"असं होय. मग मी सॉरी-बिरी बिल्कुल म्हणणार नाही."

लतिकाला हसू आलं. रागावायचंच ठरवून ती जिना चढली होती. आता तो राग शोधूनही सापडेना.

तिने वही काढली. नमुना क्रमांक तीन. अंगाचं तापमान आता चौतीस अंश. शेरा: रद्द.

पाण्याच्या टाकीची सावली सरकत सरकत डब्याच्या कडेपर्यंत आली होती. लतिकाने वही बाजूला ठेवली आणि डबा हातभर पलीकडे, उन्हात ढकलला.