भित्री लेक

“आई, मी आता पुन्हा कधी रडणार आहे?” आईला तोंडावर जाब विचारायची मैत्रिणींशी लावलेली पैज जिंकायला शर्वाणीने विचारलंच, आणि वक्तृत्वाची ढाल टेबलावर आपटली.

आईचा ब्लॉग म्हणे पालकत्वाचा! त्यातली ‘माझी भित्री लेक स्टेजवर रडली’ ही शर्वाणीची तिसरीतली गोष्ट आज पुन्हा सगळीकडे झळकली, तेही नेमकी ती बक्षीस घेत असताना. पालकांचे फोन वाजले आणि सभागृहात खसखस पिकली.

“अगं, मी नाही टाकली. जुन्या पोस्ट आपोआप जातात.”

“वा! म्हणजे लेकीची अब्रू काढायलाही तुला वेळ नाही?”

“लाइक किती आले बघ ना,” बाबा म्हणाले.

शर्वाणीने ढाल उचलली. “दोघंही ऐका, माझं ठरलंय. पुढच्या स्पर्धेत मी ‘माझी ब्लॉगवाली आई’ या विषयावर बोलणार. तुम्हाला पहिल्या रांगेत बसवून. आणि आपोआप नाही, स्वतःच्या तोंडाने.”