बर्फावरची सभा

"नावं सांग, एनोक. एकेक करून सांग." हालडिन साहेबांनी मागून काठीनं त्याच्या पाठीला ढोसलं.

एनोक बर्फगाडीच्या पुढच्या फळीवर लगाम धरून बसला होता. घोडी फुरफुरत होती. समोर गोठलेल्या तळ्यावर, रविवारच्या भर दुपारी, चारशे माणसं उभी. भट्टीवाले, घणवाले, कोळसेवाले. थंडी अशी की थुंकी खाली पडेपर्यंत तिचा खडा व्हावा. टोप्या भुवयांपर्यंत ओढलेल्या, मफलर नाकापर्यंत गुंडाळलेले. नुसते डोळे दिसत होते.

संघटना काढायची म्हणून जमले होते. आणि दुसरीकडे जमणार तरी कुठं? अल्महिटान गावात घरं लोखंडाच्या कारखान्याची, रान कारखान्याचं, रस्ता कारखान्याचा, चर्चमधली बाकडीसुद्धा कारखान्याची. आणि कारखान्याच्या जागेत सभा घ्यायला मालकाची, म्हणजे हालडिन साहेबांची, सक्त मनाई. तळं तेवढं राजाचं, आणि राजा स्टॉकहोमात. म्हणून बर्फावर आले बेटे!

साहेबांना कुणीच ओळखू येईना. एनोकला मात्र एकूण एक ओळखू येत होता. कुणाचा खांदा वाकडा, कुणाची टोपी बापाची. कडेचा तो हिरवा मफलर तर एनोकच्या बायकोनं, तिल्दानं, स्वतःच्या हातानं विणलेला. आत तिचा धाकटा भाऊ होता.

"ज्याचं नाव येईल, त्याचं घर उद्या सकाळी खाली," साहेब म्हणाले. "आणि तुझं तोंड उघडणार नसेल, तर तबेल्यावरची तुझी खोलीसुद्धा. तिल्दाचा दमा कसा आहे रे हल्ली?"

तीस वर्षं एनोकनं मूग गिळून गाडी हाकली होती. आज बोलायची वेळ आली ती ही अशी. लाज वाटत होती, तरी जीभ हललीच.

"तो हिरवा मफलर..."

तेवढ्यात गर्दी हलली. एका लाकडी पेटीवर उल्रिका चढत होती. तिचा नवरा तुरे महिन्यापूर्वी भट्टीपाशी भाजून मेला होता. नवव्या दिवशी साहेबांनी तिला तीन पोरांसकट घराबाहेर काढलं होतं. सभेत पहिली तीच बोलणार होती.

कुणी हुकूम सोडला नाही. एक टोपी निघाली. मग दहा. मग चारशे. मफलरही खाली आले.

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांची गाडी दिसली की टोपी काढायची, हा गावाचा रिवाजच होता. "बघ, सवय जात नाही लेकांची!" ते म्हणाले आणि हात उंचावून त्यांनी सलाम घेतला. पण त्यांच्याकडे एकानंही पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना उल्रिकाकडे वळल्या होत्या.

उघड्या डोक्यांवरून वाफा निघत होत्या. चारशे डोक्यांच्या वाफा, सरळ आभाळात. एनोकच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही डोकी उघडी होताना त्यानं हजारदा पाहिली होती, पण न झुकता उघडी झालेली आजच पाहत होता. चर्चमध्येसुद्धा त्याला असं कधी झालं नव्हतं.

"अरे, टोप्या घाला रे! कान गळून पडतील मेल्यांनो!" उल्रिका ओरडली. एकानंही टोपी घातली नाही.

"आता तर तोंडंही दिसतायत," साहेब खेकसले. "बोल! हिरवा मफलर कोण?"

"जवळ जाऊन बघतो, साहेब."

एनोक खाली उतरला. तिल्दाची खोकून लाल झालेली मुद्रा डोळ्यांपुढे आली, तरी तो थांबला नाही. लगाम त्यानं साहेबांच्या मांडीवर ठेवला आणि टोपी काढून गर्दीकडे चालू लागला.

"एनोक! अरे, मी घरी जाऊ कसा? मला नाही हाकता येत ही!"

एनोकनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"नुसते बसून राहा, साहेब. घोडीला वाट पाठ आहे."