बिनचवीचं तेल

तपासणीवाल्या बाई टाकीखाली वाकल्या, तेव्हाच उस्तादने मनातल्या मनात त्यांना नापास करून टाकलं. गिअरबॉक्सकडे बघायच्या आधी बाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली होती. असल्यांना काय कळणार तेलातलं? यायचं, नाक मुरडायचं, सही ठोकायची आणि चालू लागायचं.

उस्ताद म्हणजे या सरबताच्या कारखान्याचा फोरमन. यंत्रांची सगळी देखभाल त्याच्याकडे. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, यंत्र कळणारी आणि बिनडोक, असं त्याचं ठाम मत होतं. पहिल्या प्रकारात आजवर त्याला स्वतःशिवाय कुणी सापडलं नव्हतं.

दुसऱ्या प्रकारातला बिनीचा सरदार त्याच्या मागेच चिंधी घेऊन उभा होता. बायकोचा धाकटा भाऊ, राहायलाही त्याच्याच घरी. बायकोने डोकं खाल्लं म्हणून उस्तादने त्याला हाताखाली घेतलं होतं, आणि तेव्हापासून रोज पस्तावत होता. मेहुणा मात्र भावोजींवर खूश. भावोजी शिंकले तरी त्याला त्यात कारागिरी दिसायची.

"भावोजी, बाईंना सांगू का, की या गिअरबॉक्समध्ये आपण..."

"तू चिंधी धर. तुझ्या तोंडून चांगली गोष्टसुद्धा गुन्हा वाटते."

मेहुण्याने चिंधी धरली.

उस्ताद वरून ताठ होता, पण कालपासून त्याला जेवण गेलं नव्हतं. मालकाने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की बाईंनी लाइन बंद केली तर देखभालीचं काम बाहेरच्या कंपनीला जाणार. ती कंपनी मेहुण्याला ठेवून घेईल; चिंधी धरायला माणूस सगळ्यांनाच लागतो. उस्तादला कोण ठेवणार? त्याने घरी बसून भाज्या निवडायच्या, आणि संध्याकाळी हा दगड कामावरून आला की त्यालाच विचारायचं, चहा टाकू का म्हणून. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं उस्तादला अगदी मनापासून वाटत होतं.

"हे चालतं कसं, जरा सांगा," बाई म्हणाल्या.

बालवाडीत शिकवावं तसं उस्तादने सांगितलं. "ही वर टाकी. हिच्यात साखरेचा पाक. पाक ढवळायला आत पाती. पाती फिरवायला खाली गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्समध्ये तेल. पातीचा दांडा टाकीच्या बुडातून आत जातो, तिथे रबरी सील बसवलंय. वर पाक, खाली तेल, मधे सील. आलं लक्षात?"

"आलं. आणि सील गेलं तर?"

"तर मग पाक जड, तो खाली उतरतो. तेल हलकं, ते वर चढतं. टाकीतून बाटलीत, बाटलीतून लोकांच्या पोटात." उस्तादने नाक उडवलं. "गलथान कारखान्यांत होतं असं. इथे मी आहे."

"तेल कधी भरलं होतं?"

याच प्रश्नाची तो वाट बघत होता. "बाकीच्या मशीनला दर महिन्याला थोडं थोडं टाकावं लागतं. हा टाकतो, निम्मं सांडून. पण या गिअरबॉक्समध्ये वर्षभरात थेंब टाकलेला नाही. काचेत बघा. पातळी जिथल्या तिथे. सील मी स्वतः बसवलंय, बाई. कंपनीच्या इंजिनियरला हात लावू दिला नाही."

"हेच मी सांगणार होतो," मेहुणा पुटपुटला.

काचेमागे सोनेरी रंग स्थिर उभा होता, खुणेच्या रेघेला अगदी चिकटून. बाईंनी मान डोलावली. "खालून थोडं काढून दाखवता?"

उस्तादची कळी खुलली. आता तर त्याचा हातखंडा खेळ. त्याने बुडाचा नट सैल करून वाटीत थोडं घेतलं.

"हे फूड ग्रेड तेल. चुकून पोटात गेलं तरी अपाय नाही. वास घ्या. येतो काही? चवही नसते. शुद्ध तेलाला चव म्हणून नसते, हे तुमच्या पुस्तकात नसेल." आणि बाईंना बोलायची संधी न देता त्याने वाटीत बोट बुडवून ऐटीत चाटलं.

मेहुणा आधीच हसायला लागला होता. हा खेळ त्याने कितीदा तरी बघितला होता आणि दरवेळी त्याला तो नवा वाटायचा.

उस्तादने जीभ टाळूला लावली. एकदा वर टाकीकडे बघितलं. पलीकडे पट्ट्यावरून भरलेल्या बाटल्या ओळीने चालल्या होत्या. त्याने बोट मेहुण्याच्या चिंधीला पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. म्हटलं ना, चवच नसते त्याला."

"बरं." बाई मोकळ्या झाल्या. "खरं सांगायचं तर तुमच्याइतकं स्वच्छ काम मी फार कमी ठिकाणी बघितलंय." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडलं.

"हे नेऊन मोरीत ओत," उस्तादने मेहुण्याच्या हातात वाटी कोंबली. "लगेच जा."

मेहुणा दोन पावलं गेला आणि थांबला. भावोजींसारखं ऐटीत बोट चाटायची त्याला किती दिवसांची हौस होती, आणि आज वाटी पहिल्यांदाच त्याच्या हातात आली होती. त्याने बोट बुडवलं, चाटलं आणि वळून बघितलं. त्याचा चेहरा कौतुकाने फुलून आला होता.

"बाई, माझ्या भावोजींच्या हाताला काय चव आहे बघा," तो म्हणाला, "तेलसुद्धा पाकासारखं गोड झालंय."