पाण्याखालचा डोह

पेठ गावाजवळच्या या डोहात मी तरुणपणापासून पोहण्याचा चष्मा लावून मासे पाहायला यायचो. मासे माझ्या पायांना लुचायचे. "तुला वळखतात ते," काठावर राहणारी भागीबाई म्हणायची.

पुढे बरीच वर्षं जमलं नाही. २००४ साली आलो, तर काठावर रिसॉर्ट, पाण्यावर वेफर्सच्या पिशव्या आणि कमरेएवढ्या पाण्यात बिअर पीत ओरडणारा घोळका. एकाने खडकावर बाटली फोडली.

"काचा पाण्यात जातात," मी म्हणालो. आवाज नेहमीसारखा बारीकच निघाला.

"का काका, डोह तुमच्या नावावर आहे का?"

सगळे हसले. त्यांची तोंडं दिसू नयेत म्हणून मी पाण्यात उतरलो, चष्मा लावला आणि डोकं बुडवलं.

खाली पाणी नितळ होतं. स्वच्छ गोटे, मासे. काच नव्हती. एकाही माणसाचे पाय नव्हते.

डोकं वर काढलं. घोळका तिथेच उभा होता. पुन्हा बुडवलं. पाय नव्हतेच. डोहाने त्यांना आत घेतलंच नव्हतं. सूड उगवल्यासारखं बरं वाटलं मला.

मग मासे माझ्याकडे वळले. मी खाली पाहिलं. जिथे माझे पाय असायला हवे होते, तिथून मासे सरळ पलीकडे गेले.