गेनूचं बारसं

पिल्लाचं बारसं रविवारी सकाळी दहाला ठरलं होतं आणि साडेदहा वाजले तरी नावाचा पत्ता नव्हता. अंबरनाथच्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलांनी भाजीच्या क्रेटला ओढणी बांधून पाळणा केला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या गोजरबाईंनी घुगऱ्या शिजवून आणल्या होत्या. बारसं कुत्र्याचं असलं म्हणून घुगऱ्यांना सुट्टी नाही, असं त्यांचं म्हणणं. उत्सवमूर्ती मात्र दर दोन मिनिटांनी पाळण्यातून बाहेर पडून जिन्याच्या दाराशी जाऊन बसत होती.

नावं भरपूर आली होती, तीच पंचाईत होती. चिमीला मोबाइलवरच्या गेममधला योद्धा हवा होता, आणखी कुणाला परदेशी सिनेमातला राक्षस. समर्थ एका कोरियन गायकाच्या नावावर अडून बसला होता आणि ते त्याला स्वतःलाही धड म्हणता येत नव्हतं. शेवटी गोजरबाईंची नात रिद्धी म्हणाली, "ह्याचं नाव गेनू."

गेनू कोण, ते तिलाच सांगावं लागलं. आजीबरोबर ती रोज दुपारी मोबाइलवर एका जुन्या मालिकेचे भाग बघते, त्यातला गडी. तो बाईसाहेबांच्या बंगल्याच्या दाराशी असतो, कुणीही आलं की उठून उभा राहतो आणि आत कधी येत नाही. हे पिल्लूही तसंच करतंय.

रिद्धीची आई करिष्मा वाट्यांत घुगऱ्या भरत होती. तिचा हात तिथेच थांबला, कारण गेनूचं काम केलेला मधू भोईर तीन पावलांवर स्कूटर काढत होता.

मधू ह्याच इमारतीतला. शिवमंदिराकडे त्याचं हार-नारळाचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी त्याला मालिकेत काम मिळालं तेव्हा सगळ्या इमारतीने पेढे खाल्ले होते. वाक्य एकच असायचं, "जी, बाईसाहेब." पण ते तो इतकं मनापासून म्हणायचा की दुकानावर नारळ घ्यायला आलेले लोक त्याच्याकडून तेवढं म्हणवून घ्यायचे. मग एक दिवस गेनू दिसेनासा झाला, आणि मधूसमोर त्या मालिकेचा विषय कुणी काढेनासं झालं.

करिष्मा लेकीवर ओरडली. माणसाचं नाव कुत्र्याला देतात का, काकांना आधी सॉरी म्हण. मग मधूला म्हणाली, "मधूभाऊ, मनावर घेऊ नका. लहान आहे हो."

मधूने स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. मनावर घेऊ नका म्हणणं सोपं असतं, पण त्याला लागलं होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

रिद्धी काही सॉरी म्हणाली नाही. तिने विचारलं, "मधूकाका, गेनू गेला कुठे? आम्ही शेवटपर्यंत बघितलं. नंतर दारात दुसराच माणूस उभा असतो. आणि घरातलं कुणी त्याला शोधतच नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

पुढचं काम कधी, हे मधूला शंभर लोकांनी विचारलं होतं. गेनूची चौकशी करणारी ही पहिलीच.

"मना पन नाय माहीत, बाय," तो म्हणाला.

मग स्कूटरला टेकून त्याने सांगितलं. एका संध्याकाळी फोन आला की उद्यापासून येऊ नका. काम गेल्याचं त्याला एवढं वाटलं नव्हतं, ते कुणाचंही जातं. त्याने एकच मागितलं होतं. मला अजून एक दिवस येऊ द्या, गेनू दारात उभा राहील, "येतो, बाईसाहेब" म्हणेल आणि जाईल. इतकी वर्षं दाराशी राहिलेला माणूस न सांगता कसा जाईल? तिकडून सांगितलं, तेवढ्यासाठी शूटिंग लावत नाहीत.

करिष्मा उगाचच वाट्या इकडच्या तिकडे करत राहिली. पिल्लू केव्हाच दाराशी जाऊन बसलं होतं. मधू गेला, त्याला उचलून घेऊन आला आणि त्याने ते पाळण्यात ठेवलं. नाव आत्याने सांगायचं असतं, चिमीने हळूच आठवण करून दिली. आता ह्याची आत्या कुठं शोधू, असं म्हणून मधू पिल्लाच्या कानाशी वाकला आणि त्याने नाव सांगितलं. मुलांनी कुर्रर्र केलं आणि आत्याच्या पाठीत मारतात तसे मधूच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. समर्थनेही दोन घातले, कोरियन नाव गेल्याचा राग त्यातच निघाला.

घुगऱ्या खाऊन मधूने हेल्मेट घातलं आणि स्कूटर सुरू केली. फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर गोजरबाई बसल्या होत्या. तिथे पोचल्यावर त्याने स्कूटर बंद केली, उतरला, हेल्मेट काढून काखेत धरलं आणि त्यांच्यासमोर मान जराशी खाली घालून उभा राहिला. मालिकेत गेनू उभा राहायचा तसाच.

"येतो, बाईसाहेब."

गोजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि खुर्चीत ताठ बसल्या.

"ये, गेनू," त्या म्हणाल्या. "आन लवकर ये. आम्ही वाट बघतोय."