माझ्या पायाशी असलेला ब्रेक

दिवसभर मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो आणि स्वतः सायकलने घरी जातो. आज चौकातून सरळ निघालो होतो. शेजारून आलेली गाडी, ना इंडिकेटर ना हॉर्न, माझ्या पुढ्यातूनच डावीकडे वळली. सवयीने माझा पाय ब्रेक दाबायला गेला. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो ना, तो! सायकलला तो कुठला? दाराला घासून मी रस्त्यावर आडवा झालो.

हँडल वाकडं, गुडघा सोललेला. तसाच लंगडत गेलो आणि काचेवर थाप मारली.

"वळणाऱ्याने थांबायचं असतं, सरळ जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं! सायकलवाला म्हणजे काय माणूस नाही? कोणत्या गाढवाने शिकवलं तुम्हाला?"

काच खाली आली. आत गेल्याच महिन्यात माझ्याकडे शिकून गेलेले दातांचे डॉक्टर होते. चेहरा पांढराफटक.

"सर... तुम्हीच."

"मी? अहो, याच वळणावर वीस दिवस घसा फोडून सांगितलं, 'थांबा, सायकल बघा, थांबा!' रोज थांबत होतात की नाही?"

"थांबत होतो, सर. पण तुम्ही 'थांबा' म्हणायचात आणि माझा पाय पोचायच्या आत ब्रेकही तुम्हीच दाबायचात."